दिवाळ्याआधीची तडजोड
(वार्षिक संमेलनातील भाषण)



जन्मभर मुलांना व्याजाची उदाहरणे घातली. पण कर्ज म्हणजे काय, हे मला निवृत्तीनंतर भाच्याच्या कारखान्यामुळे कळले. अर्थशास्त्राचा अधिकार नसताना बोलतो आहे, क्षमा असावी.

भाच्याचा सुट्या भागांचा लहानसा कारखाना. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले आणि बँकेचे हप्ते थकले. चिरंजीवांनी काय करावे? बँकेची पत्रे उघडणेच बंद केले! आपल्या समाजाची ही जुनी खोड आहे. घरातला आजार झाकावा तसे कर्ज झाकायचे.

२०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतले, की कारभार संचालकांच्या हातून जातो, धनकोंची समिती भवितव्य ठरविते, आणि मुदतीत योजना मंजूर न झाल्यास कंपनी मोडीत निघते. माल पुरविणारा छोटा व्यापारी तेव्हा तारणधारी बँकांच्या मागे रांगेत उभा असतो. शिवाय डिसेंबर २०१९ पासून कंपनीला जामीन राहिलेल्यांवरही या संहितेखाली कारवाई होऊ शकते. आणि आपल्याकडे जामीन राहतात ते वडील, काका, प्रसंगी विधवा आईसुद्धा. लबाडांना या कायद्याचा धाक बसला, हे मी नाकारीत नाही. परंतु नुसत्या अडचणीत आलेल्याने तेथवर का जावे?

मोठ्या कर्जांच्या फेररचनेसाठी रिझर्व्ह बँकेने २००१ साली कोर्टाबाहेरची योजना काढली होती. तिचा उपयोग पुष्कळांनी केवळ मरण लांबविण्यासाठी केला, असे माझे मत आहे. असो. आपल्या कामाची आहे ती केंद्र सरकारची २९ मे २०१५ ची अधिसूचना. तिच्यात पंचवीस कोटींपर्यंत कर्ज असलेल्या लहान उद्योगांसाठी बँकेने समिती नेमून हप्त्यांची फेररचना वगैरे उपाय पाहावेत, असे ठरले. उद्योजकालाही स्वतः होऊन अर्ज करता येतो. मात्र नव्वद दिवस थकून खाते अनुत्पादक ठरण्याआधी जागे झाले पाहिजे. बँकांना ही चौकट बंधनकारक आहे, पण उद्योजकानेही वेळेत कागदपत्रांसह दावा मांडला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी सांगितले.

आम्ही बँकेत गेलो तो बहात्तरावा दिवस होता. अर्ज मीच लिहिला. शाखेतील साहेबांना अधिसूचना ठाऊक नव्हती. तिची प्रत त्यांच्यापुढे ठेवावी लागली. तीन बैठका झाल्या. भाच्याने शेताचा तुकडा विकून पैसे भरले, बँकेने उरलेल्या कर्जाची मुदत दोन वर्षांनी वाढविली. व्याज मात्र सोडले नाही.

घर तारण होते, ते माझ्या बहिणीच्या नावावरचे. तिला हे सारे पहिल्या बैठकीच्या आदल्या रात्री कळले. “दादा, सही माझी, आणि मलाच शेवटी सांगता?” एवढेच ती म्हणाली. आता दर महिन्याच्या पाच तारखेला हप्त्याची पावती ती स्वतः मागून घेते.