विमानांची छायाचित्रे : सफाई आणि सचोटी



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, वाङ्मय ऐकता, अर्थकारणाची चर्चा ऐकता. अशा ठिकाणी विमानांच्या छायाचित्रांवर बोलायचे म्हणजे आपणांस थोडे चमत्कारिक वाटेल. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उन्हात तासन् तास उभी राहणारी आम्ही मंडळी. लोक आम्हांस रिकामटेकडे समजतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. पण चित्र टिपले म्हणजे आमचे काम संपत नाही. खरे काम घरी येऊन संगणकापुढे बसल्यावर सुरू होते. त्या कामात सफाई कोठे संपते आणि लबाडी कोठे सुरू होते, हा प्रश्न पावलोपावली उभा राहतो. तो केवळ छंदिष्टांचा प्रश्न नव्हे, म्हणूनच तो आपणांपुढे मांडीत आहोत.

एअरलायनर्स डॉट नेट आणि जेटफोटोज हे विमानचित्रांचे दोन मोठे जागतिक संग्रह आहेत. पाठविले की लागले, असा तेथे कारभार नाही. परीक्षक प्रत्येक चित्र तपासतात आणि नाकारले तर कारण कळवितात. क्षितिज कललेले आहे, चित्र धूसर आहे, धार फाजील आहे, आकाशात डाग आहेत, उजेड कमी आहे, अशी ती कारणे असतात. प्रथमदर्शनी हा सारा काथ्याकूट वाटतो. एकेक कसोटी उलगडून पाहिली म्हणजे तिच्यामागचा विचार ध्यानात येतो.

पहिली कसोटी समतलाची. धावपट्टी सरळ दिसते म्हणून चित्र तिच्याशी जुळवावे, तर फसगत होते. कारण धावपट्टीलाच उतार असू शकतो. म्हणून आम्ही मागच्या इमारतीचा कोपरा किंवा दिव्याचा खांब धरतो, आणि तोही चित्राच्या मध्याजवळचा. कडेचे खांब भिंगामुळे झुकलेले दिसू शकतात. गवंडी ओळंब्याने जे साधतो, तेच हे.

दुसरी कसोटी उजेडाची. पांढऱ्या विमानावर प्रखर ऊन पडले आणि प्रकाश जास्त घेतला गेला, तर तेथील तपशील कायमचा जातो. सावलीतले पोट थोडे उजळता येते, पण फार उजळले की त्यावर रवाळपणा येतो. हात राखूनच काम करावे लागते.

तिसरी कसोटी धारेची. आजच्या सामान्य कॅमेऱ्यातून निघालेले चित्र ६००० बिंदू रुंद आणि ४००० बिंदू उंच असते. ते १६०० बिंदू रुंदीचे केले, म्हणजे मुळातल्या सुमारे १४ बिंदूंचा मिळून एक बिंदू होतो आणि कडा बोथट होतात. त्यांना पुन्हा धार लावण्याची युक्ती संगणकाच्या आधीची, अंधाऱ्या खोलीतली आहे. मूळ चित्राची एक धूसर प्रत करायची आणि दोहोंतील फरक मुळात मिळवायचा. त्याने कडा उठून दिसतात. अतिरेक केला की पंखाच्या कडेला करवतीचे दात येतात आणि विमानाभोवती पांढरी प्रभावळ उमटते. परीक्षक ती पाहताक्षणी ओळखतात.

चौथी कसोटी डागांची, आणि येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. कॅमेऱ्यातल्या संवेदकावर धूळ बसते आणि निळ्या आकाशात करडे ठिपके उमटतात. ते पुसण्यास मुभा आहे. पण त्याच आकाशात, तेवढाच, दूरचा पक्षी असेल तर? तो पुसण्यास मुभा नाही. दिसायला दोन्ही ठिपकेच. लागोपाठची दोन चित्रे शेजारी ठेवावीत. धुळीचा ठिपका चौकटीत जागचा हलत नाही, पक्षी हलतो. धूळ आमच्या यंत्रातली होती, पक्षी आकाशातला होता. यंत्राने जे घुसडले ते काढावे, जगात जे होते त्याला हात लावू नये. विमानापुढे आलेला विजेचा खांब कितीही खुपला, तरी तो राहिलाच पाहिजे.

काही दोषांवर उपायच नसतो. वैशाखात डांबरी रस्त्यावर थरथरणारे मृगजळ आपण सर्वांनी पाहिले आहे. तापलेल्या काँक्रीटवरची हवा तशीच थरथरते आणि लांबून टिपलेल्या विमानाच्या रेषा वितळल्यासारख्या दिसतात. तेथे धार लावू गेले तर दोषच अधिक ठसठशीत होतो. मग चित्र टाकून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जावे, हेच शहाणपण.

कोणी म्हणेल, खांब पुसला तर कोणाचे काय बिघडले? २५ मे १९७९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून एक डीसी-१० विमान उडाले. उडतानाच त्याचे डावे इंजिन निखळून पडले. थोड्याच क्षणांत विमान कोसळले; त्यातील २७१ आणि जमिनीवरील २ माणसे प्राणास मुकली. एका हौशी छायाचित्रकाराने त्या काही क्षणांत चित्रे टिपली होती. इंजिन नसलेला डावा पंख आणि त्यामागे निघालेले द्रवाचे फवारे त्यांत दिसतात. चित्र देखणे करण्याची हौस असलेल्याने तो पांढुरका फराटा डाग म्हणून पुसला असता तर? कोणते चित्र पुढे साक्षीदार ठरेल, हे बटण दाबताना कोणालाच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक चित्र साक्षीदार समजूनच हाताळले पाहिजे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ती रवाळपणा घालवितात, पण हरवलेला तपशील अंदाजाने भरूही शकतात. भारतीय विमानावर 'व्हीटी'ने सुरू होणारे नोंदणीचिन्ह असते. त्यातले पुसट अक्षर यंत्राने अंदाजाने रेखीव केले, तर चित्र सुबक होईल आणि विमान भलतेच ठरेल. धूसर अक्षर निदान 'मला दिसत नाही' एवढे तरी खरे सांगते.

विमानाचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र १७ डिसेंबर १९०३ चे आहे. ऑर्व्हिल राइटने कॅमेरा लावून ठेवला होता. जॉन डॅनियल्स या मदतनिसाने तो चालविला. १२ सेकंदांचे, १२० फुटांचे ते उड्डाण काचेच्या पट्टीवर उमटले. पुढे १९१३ साली डेटन गावी महापूर आला, त्यात त्या पट्टीचा एक कोपरा गेला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती तशीच जपली आहे. त्या कोपऱ्यात वाळू आणि आकाश रंगविणे आज कोणालाही पाच मिनिटांचे काम आहे. परंतु ती पट्टी जशी आहे तशीच मोलाची आहे, कारण तिच्यावर जे उरले आहे ते सारे खरे आहे.

आपणांपैकी प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे, आणि नको ते पुसून टाकण्याचे साधनही आहे. लग्नाच्या चित्रातून एखादा माणूस पुसण्यापूर्वी आपण धूळ पुसतो आहोत की पक्षी, एवढे स्वतःला विचारावे, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.