विद्यापीठाची पत कोण ठरवतो?



बारावीचा निकाल लागला की सोलापुरातील घराघरांत दोन प्रश्न उभे राहतात : येथेच शिकायचे की पुण्याला जायचे? शासकीय की खासगी? डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर पेढे वाटले जातात. खासगी संस्थेत मिळाला, तर शेजारी हळूच विचारतात, "किती भरले?"

हा कौल सर्वत्र सारखा नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात १६३६ साली स्थापन झालेल्या हार्वर्डसारख्या खासगी विद्यापीठांना मान आहे. मात्र पश्चिमेकडे बर्कले येथील कॅलिफोर्नियाचे सार्वजनिक विद्यापीठ तितक्याच तोलाचे मानले जाते. आपल्याच देशात राजस्थानातील पिलानी आणि कर्नाटकातील मणिपाल या गावांची ओळख बिगरसरकारी संस्थांनी घडविली.

मग महाराष्ट्रात 'खासगी' या शब्दामागे संशय का? १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली आणि 'देणगी' या पवित्र शब्दाचा अर्थच पालटला. त्याआधीचा इतिहास वेगळा आहे. १८८५चे फर्ग्युसन महाविद्यालय सरकारने काढलेले नव्हते. महर्षी कर्वे यांचे १९१६चे महिला विद्यापीठ सरकारी मान्यतेवाचून उभे राहिले. त्याला ठाकरसी कुटुंबाने पंधरा लाख रुपये दिले. सोलापूरचे दयानंद महाविद्यालयही १९४०चे, लोकाश्रयाचेच. या संस्था खासगी होत्या, पण परक्या नव्हत्या. समाज त्यांना आपल्या मानत होता.

उलट, नुसत्या सरकारी शिक्क्यानेही पत येत नाही. पूर्वी सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ साली एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१९मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव लाभले. कायद्याच्या दृष्टीने त्याची पदवी पुण्याच्या पदवीइतकीच ग्राह्य आहे. तरीही अनेक पालकांना पुण्याची पदवी वजनदार वाटते, कारण तेथे १९४९ पासून प्राध्यापक, ग्रंथालये आणि यशस्वी माजी विद्यार्थी यांची पुंजी साठत आली आहे. ती अध्यादेशाने मिळत नाही.

ही पुंजी सोलापूरला साठविता येणार नाही का? केगावला विद्यापीठ आहे आणि तेथेच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे. अवर्षण, हातमाग-यंत्रमाग आणि सीमेवरचे बहुभाषिक लोकजीवन हे अभ्यासविषय तर उंबरठ्यावरच आहेत. त्यांवरील उत्तम संशोधनासाठी पुण्याचा विद्यार्थी सोलापूरला यावा, अशी आकांक्षा का नसावी?

म्हणून पालकांनी शासकीय-खासगी या पाटीपुढे जाऊन पाहावे. अध्यापकांची पदे भरली आहेत का? प्रयोगशाळा चालू आहेत का? शुल्काचा हिशेब उघडा आहे का? आणि पुण्या-मुंबईत नावारूपाला आलेल्या सोलापूरकरांनी वर्षातून एकदा तरी आपल्या महाविद्यालयाची पायरी चढावी. ज्या विद्यापीठाकडे त्याचाच जिल्हा पाठ फिरवतो, त्याला जगाने मान का द्यावा?