धांवणाऱ्याचा गुडघा

नाशिक शहरांतील द्वारका चौकांत मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांस मिळतात. दिवसभर तेथें वाहनांची रीघ असते. म्हणून आसपासच्या वस्त्यांतील भरतीच्छु तरुण पहाटेच धांवण्यास निघतात. पोलीस शिपायांच्या भरतींत पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धांवावें लागतें, आणि त्या कांहीं मिनिटांवर पुष्कळदां एका कुटुंबाचें भवितव्य अवलंबून असतें. पोलीस अकादमी व १९३७ सालीं डॉ. मुंजे यांनी स्थापिलेली भोंसला सैनिकी शाळा याच शहरांत आहेत. याच जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत १०,००० मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. अशा गांवीं तरुणांना धांवण्याची ईर्षा वाटावी, हें साहजिकच होय.

परंतु या ईर्षेपायीं एक चूक हटकून घडते. वर्षभर बसून अभ्यास केलेला मुलगा भरतीची जाहिरात निघतांच एकदम रोज चार-पांच किलोमीटर धांवूं लागतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जिना उतरतांना त्याच्या गुडघ्याच्या वाटीभोंवतीं कळ येते. मांडी घालून बसल्यावर उठणें जड जातें. घरीं सांगितलें तर धांवणें बंद होईल, या भीतीनें तो गप्प बसतो, दुखणें थांबविणारी गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशीं दुप्पट जोरानें धांवतो.

हें दुखणें कसें उद्भवतें, हें समजून घेतल्यास भीति बरीच ओसरेल. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरील खोबणींतून वर-खालीं सरकत असते. धांवतांना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. श्वास व हृदय थोड्या आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध, हाडें आणि कूर्चा यांस मात्र अधिक अवधि लागतो. मांडीचे व कमरेचे स्नायु दुबळे असतील, तर भार नीट पेलला जात नाहीं, आणि वाटीच्या मागें व सभोंवार वेदना सुरू होते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास दुखत असेल, तर मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालीं उतरणाऱ्या पट्ट्यावर ताण आल्याचा संभव असतो.

यावर पहिला उपाय म्हणजे भार कमी करणें. अंतर निम्म्यावर आणावें, चढ-उतार टाळावे, एक दिवसाआड धांवावें. मधल्या दिवशीं सायकल अथवा पोहणें चालेल. धांवतांना किंचित् दुखलें, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें वाढलेलें नसलें, तर तेवढें धांवणें सोसतें असें समजावें. दुसरा उपाय व्यायामाचा. भिंतीस पाठ टेकून अर्धवट बसणें, पायरीवर सावकाश चढणें-उतरणें आणि कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलणें, हे प्रकार आठवड्यांतून तीनदां, निदान सहा ते आठ आठवडे करावे. पावलें आंखूड व अधिक वेळां टाकल्यास गुडघ्यावरील भार घटतो. बर्फ फडक्यांत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटें लावल्यास आराम पडतो. पण केवळ गोळी घेऊन धांवणें म्हणजे धोक्याची घंटा कापडानें बांधून ठेवणें होय.

मात्र गुडघा सुजला, अडकला, अचानक लचकून दगा देऊं लागला, पायावर भार देतां येईना, किंवा रात्रीं ठणका लागून ताप आला, तर विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें. नडगीच्या हाडावर एकाच जागीं बोट ठेवतांच तीव्र दुखत असेल, तर हाडास बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. तेथें धांवणें पूर्ण थांबविलेंच पाहिजे.

धांवण्यानें गुडघे झिजतात, हा समज घरोघर आढळतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासांत हौसेनें धांवणाऱ्यांपैकीं सुमारें ३.५ टक्क्यांस गुडघ्याचा वा खुब्याचा संधिवात आढळला, तर न धांवणाऱ्यांत हें प्रमाण १०.२ टक्के होतें. यास्तव वडीलधाऱ्यांनी धांवण्यास बंदी घालूं नये. दुखणें सांगण्याचें धैर्य मात्र मुलांस द्यावें. चांचणीच्या आधीं चार महिने सावकाश आरंभ करणारा तरुण बहुधा धडधाकट पायांनीं मैदानावर उतरतो. उशिरा जागा झालेल्यानें निदान एवढें ध्यानीं ठेवावें, कीं एक भरती हुकली तरी पुढची येते; गुडघा मात्र जन्मभर पुरवावयाचा असतो.