माझ्यावाचून पान हलत नाही, तेव्हा



उद्योग कसा वाढवावा यावर मी बोलावं, असं संयोजिकांनी सुचवलं होतं. मी मात्र बोलणार आहे, उद्योग सुरू करणारीनं त्यातून हळूहळू बाजूला कसं व्हावं यावर.

आमच्या मसाल्याच्या गटात आम्ही अकरा जणी. मिरची कुणाकडून घ्यायची, उधारी कुणाची किती, बँकेतली सही, सगळं माझ्याकडे. मसाल्याचं प्रमाण तर फक्त माझ्या डोक्यात. याला मी जबाबदारी म्हणत असे. मग माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे कांडप बंद राहिलं. सगळ्यांची मजुरी बुडाली. भेटायला आलेली एक जण म्हणाली, "ताई, प्रमाण ठाऊक असतं तर आम्ही कांडलं असतं की." मला उत्तर सुचलं नाही.

घरात 'माझ्यावाचून पान हलत नाही' हे वाक्य आपल्याला थकवतं, आणि खरं सांगायचं तर सुखावतंही. तेच आपण गटात आणतो.

गिरगावात 1959 साली सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथे पीठ केंद्रावर मळलं जातं आणि लाटणारी प्रत्येक बहीण मालक असते. त्यामुळे चव कुणा एकीच्या हातावर राहत नाही. इला भट्ट यांनी 1972 साली 'सेवा' उभी केली, 1996 साली सरचिटणीसपद सोडलं. संघटना चालूच राहिली.

आम्ही प्रमाण लिहून काढलं. दोघींना वाचता येत नाही, म्हणून मापाच्या वाट्यांना रंग लावले. बँकेत तिघींपैकी दोघींच्या सह्या. हिशेब दर महिन्याला मोठ्यानं वाचायचा. खरेदी पाळीनं. पहिल्याच पाळीत ओलसर ब्याडगी आली, उन्हात वजन घटलं, तोटा झाला. मी गप्प बसले. तेवढं कठीण काम मी आजवर केलेलं नाही!

प्रमाण शिकून एकीनं पलीकडच्या गल्लीत स्वतःचा मसाला सुरू केला. मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण त्या भीतीपायी बाकीच्या नऊ जणींना पुन्हा अंधारात ठेवायचं का?

मध्यंतरी मी दहा दिवस गावी गेले होते. परतले तर भाव वाढवलेले, मिरचीचा व्यापारी बदललेला, मला न विचारता. मी बैठकीत हरकत घेतली. ती वहीत लिहून घेतली गेली आणि मतदानात पडली.