झाडाने टाकले, आपण उचलले

भादव्यातल्या सकाळी सालेकसा तालुक्यातल्या कुठल्याही धुऱ्यावर उभे राहावे. धानाच्या पात्यांच्या टोकांवर एकेक थेंब अडकलेला दिसतो. सगळे त्याला दव म्हणतात. पण दव पात्यावर कुठेही धरते. हा थेंब टोकालाच येतो, कारण तो आतून आलेला असतो. रात्री मुळे पाणी ओढत राहतात, पर्णरंध्रे मिटलेली असतात, मग जास्तीचे पाणी थोड्या क्षारांसह टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते.

झाडाला मूत्रपिंड नसते. नायट्रोजन ते पुन्हापुन्हा वापरते आणि नको ते पानात, सालीत, गाभ्यात सारून ठेवते. कोचईच्या पानाने घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे.

सागाचे पान गळण्याआधी झाड त्यातले नायट्रोजन, स्फुरद बऱ्यापैकी परत घेते. कॅल्शियम मात्र पानाबरोबर जमिनीवर येते. मोहफुले नीट दिसावीत म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाचोळा पेटवतात. फुले दिसतात खरी, पण कधी आग जंगलभर पसरते आणि फुकटचे खत जळून जाते. पाचोळा झाडून काढायला वेळ लागतो, लागू द्यावा.

खरी श्रीमंती डिंकाची. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत जातो. कढईचा, म्हणजे कुलूचा, डिंक पाण्यात फुगून कितीतरी पट होतो. कवळी चिकटवायच्या भुकटीत आणि पोट साफ करायच्या औषधांत तो वापरतात. सालईच्या चिकात राळ असते, म्हणून तो निखाऱ्यावर टाकला की धुपासारखा दरवळतो. शाळेच्या पुस्तकांत हे सारे टाकाऊ पदार्थ. पण निव्वळ टाकाऊ असते, तर झाडाने ते नेमके जखमेवरच का आणले असते? डिंक जखम बुजवतो, कीड आणि बुरशी अडवतो. तो हवा म्हणून माणूस मुद्दाम घाव घालतो. घाव खोल गेला की कढईचे झाड वाळते. खोडाला लहान भोक पाडून त्यात मोजके इथेफॉन सोडायची पद्धत आहे. तिने डिंकही जास्त येतो आणि कुऱ्हाडीचे मोठे घावही टळतात.

लाखेलाही लोक याच माळेत ओवतात. ती झाडाची नव्हेच. पळस-कुसुमावर बसणाऱ्या किड्याची.

गाभ्यातला साठा तर सुताराच्या रोजच्या ओळखीचा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. खैराचा गाभा तुकडे करून उकळला की कात मिळतो. बिजाच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिवळसर तपकिरी होते, उन्हात त्यावर निळी झाक दिसते आणि मधुमेही ते सकाळी पितात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बिजाच्या अर्काने बऱ्याच नव्या रुग्णांची साखर आटोक्यात आली होती. मात्र त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि अर्क मोजून, रुग्णाच्या साखरेनुसार मात्रा बदलत दिला होता. पेल्यातल्या पाण्यात किती उतरले, ते लाकूड किती जुने आणि पाणी किती वेळ ठेवले यावर असते. त्यामुळे पेला घेतला म्हणून गोळ्या बंद करू नयेत.