दाताचं सारवण

(संघाच्या तिमाही सभेत तालुक्याच्या रुग्णालयातील दंतवैद्य ताईंनी केलेले भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून ते त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



मला बोलावलं त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तीन-चार गावांत एक माणूस येऊन गेला. गटाच्या बैठकीतच बसला. दाताचं इनॅमल पुन्हा उगवतं, कीड भरून येते, डॉक्टरकडे जायची गरज नाही असं सांगून चारशे रुपयांची पेस्ट दाखवली. दहा बायकांनी घेतली तर अकरावी फुकट. एका गटानं अंतर्गत कर्जातून पैसे उचलून ट्यूबा घेतल्या, दुसऱ्या गटानं ठराव लिहायला घेतला आणि त्यांच्या लिपिकेनं मला फोन केला. तिनं फोन केला हे बरं केलं. म्हणाली, ताई, हे खरं आहे का खोटं? मी म्हटलं, अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं असतं तेव्हाच माणूस जास्त फसतो.

आधी खरं काय ते सांगते.

दाताचा वरचा पांढरा कडक थर म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरात याच्याइतकं कडक काही नाही, हाडसुद्धा नाही. शंभरातले जवळजवळ शहाण्णव भाग नुसतं खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. पण त्यात जीव नाही. हाड मोडलं तर सांधतं, कातडी कापली तर भरते. इनॅमलचा तुकडा उडाला की तो गेलाच.

आता तुमच्यापैकी कुणाच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे? बऱ्याच हात वर आले. त्या फरशीवर लिंबू सांडलं आणि लगेच पुसलं नाही तर काय होतं? पांढरा, खरखरीत डाग पडतो आणि कितीही घासला तरी जात नाही. लिंबातल्या आंबटानं दगडातलं खनिज विरघळवलं. दाताचंही तसंच. आपण गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. ते आम्ल इनॅमलमधलं खनिज थोडं थोडं ओढून काढतं. चहाचा एक घोट घेतला तरी पुढचा अर्धा तास हे चालू राहतं.

फरशीत आणि दातात फरक एवढाच की दाताला लाळ आहे. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. तोंडातलं आम्ल ओसरलं की लाळ गेलेलं खनिज परत दातावर बसवते. दिवसभर हेच चालू असतं, थोडं झिजतं, थोडं भरतं. आपण जमीन सारवतो ना, तसं समजा. रोजच्या वावरानं जमीन उकलते, आपण सारवतो, बारीक भेगा बुजतात. पण घुशीनं बीळ पाडलं तर ते सारवून बुजेल का? नाही. त्याला दगड-माती घालून ठोकावं लागतं. दाताचं बीळ म्हणजे खड्डा. खड्डा पडला की जगातली कुठलीच पेस्ट तो भरत नाही. तिथं सिमेंटच भरावं लागतं आणि ते काम आमचं.

खड्डा पडायच्या आधी एक खूण दिसते. हिरडीच्या कडेला दातावर खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग येतो. दात कोरडा केल्यावर जास्त दिसतो. पोराचा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. हा डाग म्हणजे जमीन उकललीय, बीळ अजून पडलेलं नाही. इथं पेस्टचा उपयोग होतो. डाग थांबतो, पुष्कळदा कडकही होतो. तो माणूस जे सांगत होता त्यातलं खरं एवढंच.

मग कुठली पेस्ट? दातावर खनिज परत बसवायला मदत करणाऱ्या पेस्ट तीन तऱ्हेच्या. पहिली फ्लोराइडची. फ्लोराइड लाळेतलं खनिज दातावर लवकर बसवतं आणि जो नवा थर बसतो तो आम्लाला आधीपेक्षा जास्त टक्कर देतो. दुसरी दुधातल्या केसीनपासून केलेली. तिच्यात कॅल्शियम-फॉस्फेट विरघळलेल्या रूपात दाताजवळ धरून ठेवलेलं असतं. दात सरळ करायच्या तारा काढल्यावर राहिलेले डाग, तोंड कोरडं पडण्याचा आजार, अशा वेळी आम्ही ती देतो. दुधाची ॲलर्जी असेल तर ती चालत नाही. तिसरी हायड्रॉक्सीॲपेटाइटची, म्हणजे इनॅमल ज्या खनिजाचं बनलंय त्याचेच अतिबारीक कण. जपानमध्ये ती बरीच वर्षं वापरतात. ती फसवी नाही, ठणकाही कमी करते. पण या दोन्ही महाग आहेत आणि साध्या फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा त्या वरचढ आहेत असं ठामपणे सांगावं एवढा पुरावा नाही. उलट फ्लोराइडच्या पेस्टला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आणि ती तुमच्या किराणा दुकानात दहा-वीस रुपयांच्या छोट्या ट्यूबमध्ये मिळते.

फक्त डबी उलटून बघायची. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त घालता येत नाही आणि किती आहे ते ट्यूबवर व खोक्यावर छापावं लागतं. अक्षर बारीक असतं, घरातल्या शाळकरी पोरीला वाचायला लावा. "फ्लोराइड" आणि "१०००" च्या जवळपासचा आकडा दिसला की झालं. मोठ्या माणसाला ५०० ची, मुलांची म्हणून विकतात ती, कमी पडते. लवंग, मीठ, कडुनिंब यांची नावं मोठ्या अक्षरात असलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. वाईट नाहीत त्या, पण सारवणाचं काम करत नाहीत.

वापरायची रीतही बघा. आपल्याकडे सकाळी ओट्यावर बसून खळाखळा चार चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. पण पेस्ट लावून लगेच चार चुळा म्हणजे सारवून लगेच वर बादलीभर पाणी ओतणं! घासा, फेस थुंकून टाका आणि तेवढ्यावर थांबा. अगदीच नको वाटलं तर एक छोटीशी चूळ. आणि रात्री झोपताना घासणं सकाळपेक्षा मोलाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. रात्री दमून पाठ टेकायची घाई असते हे मला कळतं. माझी आई शेतावरून आल्यावर हेच म्हणायची. पण दोन मिनिटांचंच काम आहे.

पोरांना किती? तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी. तीन ते सहा वाटाण्याएवढी. लावून आपण द्यायची, ट्यूब पोराच्या हातात नको, गोड लागते म्हणून गिळतात. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या आईला ती माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक मोठी दाढ येते. ती येताना कुठला दात पडत नाही, म्हणून आया समजतात की तीही दुधाचीच, किडली तर पडेल नि नवी येईल. नाही हो! ती कायमची. ती गेली की गेली. नवी आल्यावर तिचं इनॅमल कच्चं असतं, तेव्हाच फ्लोराइड तिला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. चहात बुडवलेलं बिस्किट त्याच दाढेच्या खाचेत अडकतं. पहिलीतल्या मुलांची तोंडं आज घरी गेल्यावर उघडून बघा.

आता पाण्याचं. विदर्भात, मराठवाड्यात काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर लहान पोरांचे दात जबड्यात तयार होतानाच बिघडतात, पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडंही दुखतात. ते घासून जात नाहीत. जल जीवन मिशनमधून गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण दिलंय, पेटी ग्रामपंचायतीत असते. तुमच्यातल्याच कुणीतरी असतील. ज्या गावात आकडा जास्त येईल तिथं आधी पिण्याचं पाणी बदला आणि सहाच्या आतल्या मुलांना कुठली पेस्ट ते आम्हाला विचारा.

गरोदरपणाबद्दल एक मोठा गैरसमज. "बाळानं दातातलं कॅल्शियम ओढलं म्हणून दात गेले." बाळ दातातून काही ओढत नाही. उलट्यांचं आम्ल दातावर येतं, तोंडाला चव म्हणून चिंचा-बोरं चालू असतात, हिरड्या सुजतात आणि रक्त येतं म्हणून बाई घासणंच सोडते. त्यानं दात जातात. उलटी झाल्यावर लगेच घासू नका, इनॅमल तेव्हा नरम असतं. नुसत्या पाण्यानं किंवा चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरा, अर्ध्या तासानं घासा.

आता जे बोलणार त्यानं काही मावश्या रागावतील. मिसरी. मला सांगू नका की इथं कुणी लावत नाही, वास येतोय. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी केली, पण आपण तव्यावर घरीच भाजतो. मिसरीनं हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतंच. मग गार पाणी लागलं की कळ जाते आणि ती कळ मारायला पुन्हा मिसरी. तोंडाच्या कॅन्सरचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. एकदम सुटत नाही, हेही खरं. दिवसाच्या सहा वेळांच्या चार करा, मग दोन. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसतात कारण ते थर खरवडतात. भांड्याची कल्हई खरवडावी तसं.

खाली बसायच्या आधी ताईंनी मघाशी चिठ्ठीवर विचारलेल्याचं उत्तर देते. ज्या गटानं ट्यूबा घेतल्यात त्यांनी काय करायचं? त्या फेकू नका. मी एक उघडून वाचली, आत फ्लोराइड आहे, नेहमीच्या पेस्टइतकंच. वापरा, संपवा. पण पावती मागा, उरलेल्या बंद ट्यूबा परत घ्यायला सांगा आणि त्या बाईंच्या कर्जाचा हप्ता "आरोग्य" या खात्यावर लिहू नका, ती खरेदी होती. पुढच्या वेळी बैठकीत कुणी विकायला आलं तर ठरावाच्या आधी एक फोन करा. मला नाही तर तुमच्या आरोग्य केंद्रात. अंगणवाडीत आणि शाळेत बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतं. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका.

आता ज्यांना तपासून घ्यायचंय त्यांनी त्या खिडकीजवळच्या बाकावर या. उजेड तिथं चांगला आहे. मिसरीवाल्या मावश्यांनी आधी या, मी ओरडणार नाही.