चालतें म्हणून निर्धोक नव्हे



इस्तरी तापते, पाणी तापविण्याचें यंत्र वेळेवर कढत पाणी देतें. तेवढ्यावरून तीं निर्धोक आहेत असें आपण धरून चालतों. मीहि कित्येक वर्षें तसेंच मानीत होतों. एके दिवशीं पत्नी म्हणाली, "अहो, इस्तरीला हात लागला कीं झिणझिण्या येतात." इस्तरी नुकतीच दुरुस्त करून आणलेली, तापतहि उत्तम होती, म्हणून मीं तें बोलणें हंसण्यावारी नेलें. दुसऱ्या दिवशीं तिनें पुन्हां तेंच सांगितलें, तेव्हां मीं प्लग काढून उघडला. हिरवी तार आपल्या पिनेपासून सुटून आंत मोकळी पडलेली होती.

या हिरव्या तारेचें काम विलक्षण आहे. यंत्र चालण्यास तिची मुळींच गरज नसते. वीज फेजच्या तारेनें येते व न्यूट्रलच्या तारेनें परत जाते. परंतु आंतील आवरण झिजून वीज यंत्राच्या धातूला भिडली, म्हणजे ही तार तिला जमिनीची वाट देते. प्रवाह एकदम वाढतो आणि बोर्डावरील फ्यूज जातो किंवा एमसीबी पडतो. तार सुटलेली असेल, तर ती वाट आपल्या शरीरांतून जाते. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अधिक सांगावयास नको.

म्हणूनच अर्थची पिन मुद्दाम लांब व जाड केलेली असते. लांब अशासाठीं, कीं ती आधीं जोडली जावी व शेवटीं सुटावी. जाड अशासाठीं, कीं ती चुकूनहि विजेच्या भोंकांत शिरूं नये. आणि आपण काय करतों? वरच्या भोंकांत काडी खुपसून खालच्या दोहोंत उघड्या तारा कोंबतों!

आतां प्लग कसा तपासावा तें पाहूं. प्रथम तो भिंतींतून काढावा. कवचाला तडा गेला आहे काय, तें कोठें तपकिरी पडलें आहे काय, हें पाहावें. तसा डाग ही बहुधा सैल जोडामुळें उष्णता होत असल्याची खूण असते. मग प्लग उघडावा. लाल किंवा तपकिरी तार फेजच्या, काळी किंवा निळी न्यूट्रलच्या, आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार अर्थच्या पिनेला असावी. स्क्रू घट्ट असावेत. तांब्याचा एकहि तंतु बाहेर सुटलेला नसावा. पकड वायरीच्या बाहेरच्या जाड आवरणावर बसलेली असावी. अर्थची तार इतर दोहोंपेक्षां थोडी लांब ठेवावी, म्हणजे हिसका बसला तरी ती शेवटीं सुटेल. एकसंध ओतलेला प्लग उघडतां येत नाहीं. त्यावर तडा किंवा डाग दिसल्यास तो बदलावा.

प्लगचा आकारहि पाहावा. २००० वॅटचें यंत्र जवळजवळ ९ ॲम्पिअर प्रवाह घेतें. त्याला ६ ॲम्पिअरचा लहान प्लग चालणार नाहीं, १६ ॲम्पिअरचाच हवा. ब्रिटनमध्यें १९४७ सालीं ठरलेल्या चौकोनी पिनांच्या प्लगांत स्वतःचा फ्यूज असतो. आपल्या गोल पिनांच्या प्लगांत तो नसतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मल्टिमीटर लावला कीं झालें! लांब पिन व यंत्राचा उघडा धातु यांमधील विरोध एका ओमाहून कमी भरला, तर वाट तुटलेली नाहीं, हें खरें. परंतु मल्टिमीटरचा प्रवाह इतका क्षीण असतो, कीं तारेचा एकच तंतु शिल्लक असला तरी तो सर्व ठीक असल्याचें दाखवितो. प्रत्यक्ष प्रसंगीं तो तंतु क्षणार्धांत जळून जाईल. हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कळत नाहीं. भिंतींतील अर्थिंग मात्र जाणत्या वायरमनकडूनच तपासून घ्यावें.

त्या दिवशीं मीं हिरवी तार पक्की बसविली आणि झिणझिण्या येत होत्या त्या अर्थीं आंत कोठें तरी वीज गळत असली पाहिजे, म्हणून इस्तरीहि पुन्हां दुरुस्तीस दिली. ती परत आली, तेव्हां पूर्वींइतकीच तापूं लागली. तिच्या कामांत तिळमात्र फरक पडला नव्हता. येत्या रविवारीं आपल्या घरांतील इस्तरीचा प्लग तरी उघडून पाहावा, आणि घरांतील कोणी झिणझिण्यांची तक्रार केली तर ती माझ्यासारखी हंसण्यावारी नेऊं नये, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.